निगडीत तोर्तिया: आमच्या पोळी-भाजी केंद्राच्या नोंदी

३ जून २०२४

चाकणच्या एका गाडी कारखान्याच्या पाहुण्यांसाठी डब्यांची चौकशी आली. सहा माणसं, सगळी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराची. तिथेही गाड्यांचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे दोन्हीकडे ये-जा चालू असते. मुक्काम मोशीत, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. पोळी-भाजी, वरण-भात सगळं खातात, तिखटाबद्दल तर अवाक्षर नाही. मागणी एवढीच की आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडचं जेवण हवं आणि ते हॉटेलातल्यासारखं नको.

हो म्हणून टाकलं. दर नंतर बघू.

६ जून

त्यांच्यातल्या एक इंजिनीअर बाई केंद्रावर येऊन बसल्या. आम्ही त्यांना पुएब्लाकर बाई म्हणतो, आता त्या हाकेला ओही देतात. पुण्यात मेक्सिकन म्हणून जे जे पानात पडलं त्याचा त्यांनी पाढा वाचला: कडक तळलेले, होडीच्या आकाराचे टाको, वर पिवळं वितळलेलं चीज, केचप घातलेला राजमा, मैद्याच्या गुंडाळीत भात. हे सगळं टेक्सास-कॅलिफोर्नियात घडलं आणि तिथूनच जगभर गेलं, असं त्यांचं म्हणणं. नाचो मात्र मेक्सिकोचेच. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया या माणसाने पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांना तोर्तियाचे, म्हणजे तिकडच्या पातळ पोळीचे, तुकडे तळून, वर चीज आणि मिरची घालून दिले. पण पुएब्लात ते कोणी जेवण म्हणून वाढत नाही.

मी विचारलं, गव्हाची तोर्तिया खोटी का? तर नाही. उत्तरेकडे, सोनोरा राज्यात, ती घरोघर होते. सोनोरा म्हटल्यावर माझे कान टवकारले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यातला एक वाण सोनोरा ६४. आपल्याकडच्या हरितक्रांतीची सुरुवात त्या बियाण्यातून झाली. म्हणजे मी रोज ज्या पोळ्या लाटते त्यांचं थोडंफार आजोळ तिकडचंच.

ठरलं ते असं: बाकीचं इकडचं-तिकडचं चालवून घेऊ, पण तोर्तिया मक्याची हवी आणि चुन्यात शिजवलेल्या मक्याची हवी. ती नसेल तर बाकी काही करू नका, म्हणाल्या.

८ जून

आधी सोपा रस्ता. चुन्यात शिजवून वाळवलेल्या मक्याचं आयात पीठ ऑनलाइन मिळतं. मेक्सिकोत या पिठाचा मोठा धंदा १९४९ मध्ये नुएवो लेओन राज्यात सुरू झाला. पाणी घाला, मळा, दाबा, भाजा. पुएब्लाकर बाईंनी एक खाऊन "ठीक आहे" म्हटलं, आपण डब्यातल्या आयत्या पुरणाला म्हणतो तसं. किंमत इथल्या मक्याच्या कित्येक पट. डब्याच्या दरात बसत नाही. बाद.

१२ जून

मका. भुसार बाजारात पिवळा मका ढिगाने आहे, पण तो कोंबडी-खाद्याचा आणि स्टार्चवाल्यांचा. दोन दुकानदारांनी "खायला?" असं तोंडावर विचारलं. बुरशीचा वास आला तर घ्यायचा नाही, कारण मक्यावरची बुरशी विषारी असू शकते आणि तिचं विष उकळून जात नाही. बियाण्याच्या दुकानातला गुलाबी-लाल दाणा तर हातातही धरायचा नाही, त्याला औषध चोळलेलं असतं. पॉपकॉर्नचा दाणा फार कठीण, स्वीटकॉर्न या कामाचंच नाही.

हवा तो पांढरा, पिठूळ दाणा. आमच्याकडून डबा नेणारे एक बांधकामावरचे मुकादम गुजरातेतल्या दाहोदचे आहेत. तिकडे आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या झाबुआत पांढऱ्या मक्याची भाकरी हे रोजचं अन्न. म्हणाले, "ताई, गावाहून माणूस येतोय, अर्धं पोतं सांगतो." तोवर निवडून घेतलेल्या पिवळ्यावर चाचणी.

१४ जून

चुना. कळीचा चुना घरात आणायचा नाही, पाणी लागलं की उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर संपलं. भिंतीला देण्याच्या चुन्यात काय काय असेल सांगता येत नाही. पानवाल्याकडचा विरवलेला चुना हाच खरा. तो ओला असल्यामुळे वजनाचा अंदाज घ्यावा लागतो. कोरडा असेल तर किलोभर मक्याला १० ग्रॅम पुरतो, पानाचा ओला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त घेतला.

भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमला चुना खातो. किलोभर मका, तीन लिटर पाणी, चुना कालवून मंद आचेवर. पाण्याचा रंग आधी लिंबासारखा पिवळा, मग गडद होत जातो. पाऊण तासाने दाणा काढून बोटांत चोळला तर साल सुटली पाहिजे आणि दाणा तोडला तर मध्ये पांढरा ठिपका राहिला पाहिजे. पूर्ण शिजला तर पिठाचा चिकट गोळा होतो. गॅस बंद, झाकण, रात्रभर तसंच.

वास सांगायचा तर ओल्या मातीचा आणि भाजलेल्या कणसाचा मिळून. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि "रंगकाम काढलंय का?" म्हणाल्या.

होम सायन्सला शिकलेलं आता आठवलं. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं पण ते बांधलेलं, चुन्यात शिजवलं की ते अंगी लागतं. मका अटलांटिक ओलांडून गेला, ही रीत मागेच राहिली. मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनअभावी होणाऱ्या पेलाग्राने गाठलं: कातडी सोलणं, जुलाब, शेवटी भ्रम. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवरच दिवस काढणाऱ्यांमध्येही पेलाग्रा होता, त्यावर हैदराबादच्या प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास काम केलं. पुएब्लाकर बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची आजी चुना घालायची म्हणून त्याही घालतात.

१५ जून

दाणे दोन-तीन पाण्यांतून धुतले, चोळून बरीचशी साल काढली. चुन्याचं पाणी कुंड्यांत नाही, मोरीत.

आता दळण. गिरणीवाल्याने डब्यात डोकावून हात जोडले: "ताई, ओलं दळण जात्यात घातलं तर दिवसभर गिरणी बंद." मिक्सरमध्ये रवा होतो, पीठ होत नाही, आणि पाणी वाढवलं तर घावनाचं पीठ. मागच्या अंगणातला सासूबाईंचा पाटा काढला, पण कित्येक वर्षांत त्याला टाकी लागलेली नाही, दाणा नुसता घसरतो.

पुएब्लात गल्लोगल्ली यासाठी वेगळी गिरणी असते. बाया सकाळी शिजलेला मका बादलीत घालून नेतात आणि ओलं पीठ घेऊन येतात. अशी गिरणी निगडीत कुठून आणायची?

१९ जून

चौकातल्या इडली-डोसा पिठाच्या दुकानात गेले. अण्णांकडे मोठा वेट ग्राइंडर आहे. आधी साफ नाही म्हणाले. मग डब्यातला दाणा चावून पाहिला, वास घेतला, "चुना?" म्हणून विचारलं आणि दुपारी तीननंतर या म्हणाले, सकाळचं पीठ विकून मशीन धुऊन झाल्यावर.

अडचण लगेच कळली. इडलीचं पीठ सैल, दगड त्यात सुखाने फिरतात. हे पीठ घट्ट हवं. पाणी कमी पडलं की गोळा दगडाला चिकटून नुसता गरगर फिरतो. अण्णांनी दगडावरचा स्क्रू आवळला, थोडे थोडे दाणे टाकले आणि हाताने पाण्याचे हबके मारत राहिले. तरी पीठ लाटता येण्याजोगं घट्ट झालं नाहीच.

उपाय पुएब्लाकर बाईंनी नाही, गिरणीवाल्याने सुचवला: शिजलेल्या मक्यातला अर्धा पंख्याखाली वाळवून खडखडीत करा, तो मी दळून देतो. ते कोरडं पीठ अण्णांच्या ओल्या पिठात कालवायचं. दोन दुकानांच्या मदतीने एक गोळा तयार झाला. कानाच्या पाळीइतका मऊ, हाताला न चिकटणारा.

२९ जून

दाहोदचा पांढरा मका आला. आज खरी परीक्षा.

आमच्या भाकरीच्या मावशींना वाटलं थापायची. थापली. सुंदर गोल, पण जाड. तोर्तिया भाकरीच्या निम्म्याहून पातळ. मेक्सिकोच्या दक्षिणेत, ओअहाका राज्यात, अजून हाताने थापणाऱ्या बाया आहेत, पण पुएब्लाकर बाई स्वतः यंत्रावरच वाढल्या. आमचं पुरी-प्रेस चाललं. दुधाची पिशवी धुऊन दोन बाजूंनी कापली, मध्ये तीसेक ग्रॅमचा गोळा ठेवून एकदा दाबायचं, फिरवून पुन्हा दाबायचं. कडा फाटली तर पीठ कोरडं, प्लास्टिकला चिकटली तर ओलं.

लोखंडी तवा, चांगला तापलेला. पहिली बाजू अगदी थोडा वेळ, कडा सुटेपर्यंतच. उलटवून जवळजवळ मिनिटभर. पुन्हा उलटवली की मधे फुगा यायला हवा. सुरुवातीच्या काही नुसत्या पडून राहिल्या, त्या मावशींनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर संपवल्या. मग आच वाढवली आणि एक टम्म फुगली. पुएब्लाकर बाईंनी ती तव्यावरून हातानेच उचलली, आधी नाकाशी नेली, मीठ भुरभुरवलं, गुंडाळली आणि उभ्या उभ्या खाल्ली. काही बोलल्या नाहीत. दुसरी घेतली.

दुरडीत फडक्यात गुंडाळून पाऊण तास ठेवल्या की आणखी मऊ होतात. डब्यासाठी हे फार सोयीचं. एक किलो मक्याचं साधारण दोन किलो पीठ होतं, म्हणजे साठेक तोर्तिया. दर बसतो.

१३ जुलै

बाकीची जुळवाजुळव चालू. पुष्कळ वस्तू मुळात तिकडच्याच, इकडे येऊन आपल्या झाल्या.

घेवडा: कोरेगावचा वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकनवाला, लाल रेघांचा. न भिजवता, अख्खा कांदा घालून मंद आचेवर, मीठ शेवटी. रसासकट वाटीत. पुएब्लाकर बाईंनी सातारा कुठे आहे ते नकाशात पाहून ठेवलं. घोटून परतलेला घेवडा तिकडे डुकराच्या चरबीत होतो, ती माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही हे आधीच सांगितलं. तेलात कांदा काळपट तळून, तो काढून टाकून, त्या तेलात परतला. चाललं.

लिंबू: कागदीच. मेक्सिकोतही हेच. युरोपात राहिलेल्या एका पाहुण्याला हे लिंबू पाहून फार बरं वाटलं, तिकडे म्हणे मोठी, बिनबियांची हिरवी लिंबं मिळतात आणि त्यांना वास नसतो.

मिरची: ग्वाहियो मिरचीच्या जागी ब्याडगी. रंग येतो, तिखट बेताचं. बिया काढून तव्यावर क्षणभर दाबायची, काळी पडली की कडू. गरम पाण्यात भिजवून वाटायची आणि गाळायची. हे गाळणं मावशींना पटत नाही, "चोथ्यातच तर जीव असतो."

हिरवी चटणी: इथे अडलं. टोमॅटिलो हे रसभरीच्या कुळातलं, पापुद्र्यातलं आंबट हिरवं फळ, आपल्याकडे नाही. रस्त्याकडेची त्याच कुळातली रानफळं वापरायची नाहीत, कच्ची विषारी असतात. तोवर कच्चे टोमॅटो भाजून, लिंबू पिळून. जूनमध्येच गच्चीवर टोमॅटिलोचं बी पेरलंय. एक झाड लावून उपयोग नाही, स्वतःच्या परागाने त्याला फळ धरत नाही, शेजारी दुसरं लागतंच.

राजगिऱ्याचे लाडू डब्यात दिले तर सगळे हसत सुटले. मेक्सिकोत हाच दाणा फुलवून, गोड पाकात बांधून वड्या विकतात आणि राजगिरा मूळचा तिकडचाच. आषाढी जवळ आलीय, उपासाला चालतो म्हटल्यावर एकाने विचारलं, मग मका का नाही चालत? सासूबाईंनी "नाही चालत म्हणजे नाही चालत" असं उत्तर दिलं. मीही हाच प्रश्न लहानपणी विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं.

१६ ऑगस्ट

काल सुट्टी होती, सगळे जेवायला घरी. माझं माहेर वर्ध्याचं. बोलता बोलता मी डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं नाव काढलं. वर्ध्याचे क्रांतिकारक, गदर चळवळीतले, देशोदेशी फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परतले, १९६७ साली नागपुरात गेले. पाहुण्यांपैकी कोणाला हे नाव माहीत नव्हतं. मग फोनवर चित्रकार दिएगो रिव्हेराचं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयातलं भित्तिचित्र काढलं. टेबलाशी भाकरी वाटून देणारा तो माणूस खानखोजे. चित्र त्यांच्यातल्या दोघांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं होतं. मग त्या दोघांनी मला वर्ध्याबद्दल इतकं विचारलं की आमटी दोनदा गरम करावी लागली.

१५ सप्टेंबर

त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची आदली रात्र. आमचा गणपती गौरींबरोबर गेला, त्यामुळे खिमा करायला घरात हरकत नव्हती. पदार्थ चिलेस एन नोगादा, पुएब्लाचा मानाचा. आख्यायिका अशी की १८२१ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी इतुर्बिदे पुएब्लात आला तेव्हा तिथल्या नन्सनी तो केला. खिमा भरलेली हिरवी मिरची, पांढरा आक्रोडाचा रस्सा, वर डाळिंबाचे लाल दाणे, म्हणजे त्यांचा झेंडा.

डाळिंब सोलापूरचं, याला तोड नाही. आक्रोड काश्मीरचा, गरम पाण्यात भिजवून त्याची प्रत्येक पापुद्री सोलायची. सहा जणांचे आक्रोड सोलायला तिघींची दुपार गेली. साल राहिली तर रस्सा तपकिरी आणि तुरट होतो. खिमा बोकडाचा, त्यात सफरचंद, नासपती, पीच, बदाम, मनुका. पोब्लानो मिरचीऐवजी सिमला मिरची विस्तवावर भाजून, सोलून. हा बदल मला पटला नाही आणि पुएब्लाकर बाईंनाही. सिमला मिरची गोडसर आणि पाणचट, पोब्लानोला भाजल्यावर जो मातकट वास येतो म्हणतात तो तिला नाही. पुढच्या वेळी पोब्लानोचं बी आणायचं किंवा हा पदार्थ करायचाच नाही.

गच्चीवरचे टोमॅटिलो मात्र धरलेत. पहिली खरी हिरवी चटणी झाली.

२७ ऑक्टोबर

यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलंय आणि १-२ नोव्हेंबरलाच त्यांचा मृतांचा सण. गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, फोटो, मेणबत्त्या, त्यांचे आवडते पदार्थ आणि झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पुएब्लाजवळ आत्लिस्कोला त्याची शेतंच्या शेतं आहेत. सासूबाईंना समजवावं लागलं नाही. "म्हणजे त्यांची सर्वपित्री," म्हणाल्या, आणि पुएब्लाकर बाईंना झेंडू कुठे स्वस्त मिळतो ते सांगितलं.

वेदीवर पुएब्लाकर बाईंच्या आजीसाठी मोले हवं, म्हणजे वाळक्या मिरच्यांचा दाट रस्सा. आंचो, पासिया आणि मुलातो या वाळक्या मिरच्यांना पर्याय नाही, मुंबईच्या आयातदाराकडून मागवल्या, किंमत पाहून डोळे मिटले. बाकी तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, दालचिनी, लवंग, मिरी, टोमॅटो, शिळी तोर्तिया, थोडं चॉकलेट. प्रत्येक वस्तू वेगळी तळायची किंवा भाजायची. हे कोल्हापूरकडच्या कोणाही बाईला शिकवावं लागणार नाही.

वाटायचं कुठे? डंकवाला म्हणाला तीळ-शेंगदाण्याचं तेल सुटून डंक चिकटेल. अण्णा म्हणाले, "ताई, मका ठीक. मिरची नाही. उद्याची इडली लाल होईल." बरोबरच आहे त्यांचं.

३० ऑक्टोबर

पाट्याला टाकी लावून घेतली. टाकीवाल्या बाई दिवाळीआधी फिरतात ते बरं. छिन्नीचे ठोके पडले की काळ्या दगडावर पांढरे ठिपके उठतात. दोनदा भरड तांदूळ वाटून कच काढून टाकली.

पुएब्लाकर बाई पाट्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांचा तिकडचा पाटा तीन पायांचा आणि उतरता, वरवंटा पाट्याहून लांब, दोन्ही टोकं बाहेर राहतात. दगड बसाल्टच, तिकडचाही ज्वालामुखीचा. आमचा सपाट पाटा आणि आखूड वरवंटा त्यांना जमेना, मनगटं अवघडली. मग मावशींनी ताबा घेतला, बाई वाटीतून मिरचीचं पाणी सोडत राहिल्या. एकीला मराठी, दुसरीला स्पॅनिश, आणि पातळ-घट्ट यावरून मात्र दोघींचं व्यवस्थित भांडण झालं. मिक्सरमध्ये हे काम लवकर झालं असतं, पण त्यात मिरचीचा कण राहतो. पाट्यावरचं वाटण लोण्यासारखं उतरलं, आणि तेलात परतल्यावर रंग काळपट लाल.

थोडं मुरवून कोंबडीवर. तिखटापेक्षा कडवट-गोड. यांना (म्हणजे आमच्या ह्यांना) आवडलं नाही. मला आवडलं, पण रोजच्या जेवणातलं नव्हे.

१६ डिसेंबर

मंडळी परवा जाणार. हिशोब पूर्ण झाला. पुरी-प्रेस आणखी एक घेतलं. अण्णांचा दळणाचा दर ठरला, मंगळवार-शुक्रवार दुपारी तीननंतर. दाहोदच्या मुकादमांना मार्चसाठी एक पूर्ण पोतं सांगितलं. टोमॅटिलोचं बी वाळवून कागदात बांधलं.

आज एका लग्नाच्या केटररचा फोन. संगीताला मेक्सिकन काउंटर ठेवायचाय, तीनशे कडक टाको हवेत, "ते होडीसारखे". मी म्हटलं होडी आमच्याकडे होत नाही. मेक्सिकोत शिळ्या तोर्तिया सपाट तळून त्यावर घेवडा-चटणी घालतात, तोस्तादा म्हणतात, त्या देते. त्याने विचारलं पब्लिकला कळेल का? म्हटलं पापडासारख्या दिसतील, पब्लिक खाईल. शेवटी दोनशेवर तयार झाला. निम्मी रक्कम आगाऊ घेतली.